लोकप्रतिनिधीचे कोणते मत लक्षात ठेवावे?

निवडणूक जवळ आली की आपल्या दारात दोन प्रकारची पत्रके येऊन पडतात. पहिल्यात उमेदवाराने केलेल्या कामांची यादी असते. दुसरे पत्रक प्रतिपक्षाचे असते आणि त्यात ठळक अक्षरांत छापलेले असते की, याच गृहस्थांनी सभागृहात अमक्या विधेयकाच्या विरुद्ध मत दिले, तमक्या प्रश्नावर मत द्यायचे टाळले. मतदार दोन्ही पत्रके वाचतो, दोन्ही बाजूला ठेवतो, आणि शेवटी जात, ओळख, पक्षाचे चिन्ह किंवा शेजाऱ्याचा सल्ला यांवर निर्णय घेऊन मोकळा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पाच वर्षांच्या कारकीर्दीत प्रतिनिधी शेकडो वेळा ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणतो. त्यांतील कोणती मते त्याच्या चारित्र्याची व कर्तृत्वाची साक्ष देतात आणि कोणती केवळ उपचाराची असतात, हे कोणी सांगितल्यावाचून कळणे कठीण आहे. ही निवड करावी तरी कशी, एवढ्याच प्रश्नाचा आज आपण विचार करू.

पहिली गोष्ट अशी की, आपण ज्याला ‘त्यांचे मत’ म्हणतो त्याची पुष्कळदा नोंदच झालेली नसते. आपल्या सभागृहांत बहुतेक प्रश्न आवाजी मतदानाने सुटतात. अध्यक्ष प्रश्न मांडतात. अनुकूल सदस्य ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल सदस्य ‘नाही’ म्हणतात. कोणता आवाज मोठा, याचा अंदाज घेऊन अध्यक्ष निकाल सांगतात. या निकालाला कोणी हरकत घेतली तरच मतविभागणीचा प्रश्न येतो. लोकसभेत मग घंटा वाजू लागते, साडेतीन मिनिटे लोटली की दारे बंद होतात, आणि सदस्य आपापल्या जागेवरील कळ दाबून किंवा चिठ्ठीवर मत नोंदवितात. त्यानंतरच कोणी काय मत दिले ते नावानिशी कार्यवृत्तात उतरते. मतविभागणीची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांस वाटल्यास ते सदस्यांना नुसते उभे राहावयास सांगून शिरगणती करू शकतात. अशा वेळी आकडा कळतो, पण नावे कळत नाहीत.

तेव्हा ‘त्यांनी विरुद्ध मत दिले’ असे कोणी म्हणाले तर पहिला प्रश्न हाच विचारावा की, मतविभागणी झाली होती काय? हा प्रश्न क्षुल्लक नाही. फार मोठे निर्णय आवाजावर झालेले आहेत. हैदराबादच्या श्रोत्यांना १८ फेब्रुवारी २०१४ चा दिवस आठवत असेल. आंध्र प्रदेशाच्या पुनर्रचनेचे विधेयक त्या दिवशी लोकसभेने आवाजी मतदानाने संमत केले. दूरदर्शनवरून होणारे थेट प्रक्षेपणही त्या वेळी बंद पडले होते. एका राज्याची दोन राज्ये झाली. परंतु कोणत्या सदस्याने काय मत दिले, हे नोंदीवरून आज कोणालाही सांगता येणार नाही. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला महाराष्ट्राच्या विधानसभेत नव्या मंत्रिमंडळावरील विश्वासाचा ठराव आवाजी मतदानाने संमत झाला आणि त्यावरून मोठा वाद माजला. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेने दोन कृषी विधेयके अशाच रीतीने संमत केली. मतविभागणी मागितली असता ती नाकारली गेली, असे विरोधकांचे म्हणणे. मागणी करणारे सदस्य आपल्या जागेवर नव्हते, असे उपसभापतींचे म्हणणे. पुढे २०२१ च्या नोव्हेंबरात ते कायदे मागे घेण्यात आले, तेही आवाजी मतदानानेच. या तीन उदाहरणांत पक्ष निरनिराळे आहेत. जो पक्ष सत्तेवर असतो त्याला आवाज पुरेसा वाटतो आणि जो विरोधात असतो त्याला नावे हवी असतात. म्हणून मतदाराने प्रतिनिधीचे आणखी एक कृत्य लक्षात ठेवावे: नावानिशी नोंद व्हावी अशी मागणी त्याने कधी केली काय, आणि इतरांनी ती केली तेव्हा त्याची भूमिका काय होती?

दुसरी गोष्ट पक्षादेशाची. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडण्यात आली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध, पूर्वपरवानगीवाचून, जो सदस्य मत देईल किंवा मतदानापासून दूर राहील, त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांच्या आत त्याला क्षमा केली तरच तो वाचतो. पक्षांतराची बाजारपेठ बंद व्हावी, हा त्यामागील हेतू होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, सदस्याचे मत हे पुष्कळ अंशी त्याचे राहिले नाही, ते प्रतोदाचे झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली ही अनुसूची वैध ठरविली. तथापि सदस्यत्वावर गदा आणणारा आदेश सरकारवरील विश्वास-अविश्वासाच्या प्रश्नापुरता किंवा पक्षाच्या मूलभूत धोरणापुरता असावा, असेही सुचविले. व्यवहारात ही मर्यादा पाळली जातेच असे नाही.

यावरून मतदाराने दोन अनुमाने काढावीत. पक्षादेशाखाली, पक्षाच्या रांगेत उभे राहून दिलेले मत हे त्या व्यक्तीच्या खात्यावर न मांडता पक्षाच्या खात्यावर मांडावे. ते बिनमोल आहे असे नव्हे. पण त्यासाठी जाब विचारायचा तो पक्षाला. उलट, जेथे प्रतिनिधी रांगेतून बाहेर पडला, मग तो विरुद्ध मत देऊन असो, तटस्थ राहून असो की परवानगी मागून असो, तेथे मात्र त्याने स्वतःचे काहीतरी पणाला लावलेले असते. ते मत आपल्याला पटो वा न पटो, त्याच्याकडे लक्ष दिलेच पाहिजे. जेथे पक्षादेश सहसा निघत नाही, अशा प्रसंगांकडेही तसेच पाहावे. खासगी सदस्यांची विधेयके हा असा एक प्रांत आहे. स्वातंत्र्यानंतर अशी केवळ चौदाच विधेयके कायद्याच्या रूपास आली आणि त्यांतले शेवटचे १९७० साली. म्हणून त्या दिवशी सभागृह बरेचसे रिकामे असते. पण कोणत्या प्रश्नाची प्रतिनिधीला मनापासून कळकळ आहे, हे तेथेच कळते.

तिसरी गोष्ट मतांच्या अंतराची. थोड्या फरकाने निकाल लागला की ते मतदान महत्त्वाचे, असे आपण सहज मानतो. यात तथ्य आहे, पण ते सांभाळून घ्यावे लागते. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० मतांनी पराभूत झाले. तेव्हापासून ‘ते एक मत कोणाचे’ याची चर्चा थांबलेली नाही. कोणी गिरिधर गमांग यांचे नाव घेतो. ते फेब्रुवारीत ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते आणि लोकसभेचे सदस्यत्व अद्याप सोडलेले नसल्याने मतदानाला आले होते. कोणी सैफुद्दीन सोझ यांचे नाव घेतो. त्यांनी आपल्या पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले. परंतु विरुद्ध पडलेल्या २७० मतांपैकी प्रत्येक मत हे ‘ते एक मत’ होते, हे आपण विसरतो. सरकार डळमळले ते अण्णा द्रमुक पक्षाने आपल्या अठरा सदस्यांचा पाठिंबा काढून घेतला म्हणून. अठरा मतांचा निर्णय कोणी आणि कशासाठी घेतला, हा प्रश्न शेवटच्या एका मताच्या कथेपेक्षा अधिक विचार करण्याजोगा आहे. कथा मनोरंजक असते म्हणून ती लक्षात राहते. लक्षात राहते म्हणून ती महत्त्वाची ठरत नाही.

याच संदर्भात ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोदे येथील वाचकांना जवळचा वाटेल असा एक प्रसंग सांगतो. संस्थानिकांचे तनखे बंद करण्यासाठी आणलेले घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत संमत होऊन राज्यसभेपुढे आले. घटनादुरुस्तीला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत तर लागतेच, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्य अनुकूल असावे लागतात. ५ सप्टेंबर १९७० रोजी मते मोजली तेव्हा १४९ अनुकूल आणि ७५ प्रतिकूल भरली. एकूण २२४ चे दोन-तृतीयांश म्हणजे १४९ पूर्णांक एक-तृतीयांश. एका मताच्या तिसऱ्या हिश्श्याने विधेयक पडले! आता या गणितातील खुबी पाहा. एक अनुपस्थित सदस्य येऊन अनुकूल मत देता, तर २२५ पैकी १५० होऊन विधेयक तरले असते. आणि प्रतिकूल असलेल्या ७५ पैकी एकानेही नुसते घरी बसणे पसंत केले असते, तरी २२३ चे दोन-तृतीयांश १४९ पेक्षा कमी भरून विधेयक तरले असते. म्हणजे त्या दिवशी येणारा, न येणारा आणि मतदानाआधी उठून जाणारा, या तिघांच्याही कृतीला सारखेच वजन होते. पुढे राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढण्यात आली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १५ डिसेंबर १९७० रोजी न्यायालयाने तो आदेश रद्द ठरविला. त्याच महिन्यात लोकसभा विसर्जित झाली, १९७१ च्या मार्चमध्ये निवडणुका झाल्या आणि त्या वर्षाच्या अखेरीस सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे कायमचे बंद झाले.

या प्रसंगावरून चौथी गोष्ट ओघानेच येते. अनुपस्थिती हेही एक मत आहे. लहान सभागृहात तर ते फारच जड असते. गोव्याच्या विधानसभेत अवघे चाळीस सदस्य. १६ मार्च २०१७ रोजी तेथे विश्वासाचा ठराव २२ विरुद्ध १६ असा संमत झाला. अध्यक्षस्थानी असलेले सदस्य मत देत नाहीत. ते वगळले तर बेरीज एकाने कमी भरते. तो एक विरोधी पक्षाचा सदस्य पक्षाचा आदेश असूनही मतदानाच्या वेळी सभागृहात राहिला नाही आणि त्याच दिवशी त्याने राजीनामा दिला. त्या ठरावावरील ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या याद्या वाचून भागणार नाही. ज्याचे नाव कोणत्याच यादीत नाही तोच त्या दिवशी सर्वांत अधिक बोलून गेला. अर्थात आजारपण, घरातील दुःखद प्रसंग, कामानिमित्त परगावी असणे, अशी अनुपस्थितीची योग्य कारणे असू शकतात. म्हणून एका गैरहजेरीवरून कोणाला दोषी धरू नये. परंतु अवघड प्रश्न आला की एखादा प्रतिनिधी नेमका त्याच दिवशी आजारी पडत असेल, तर त्या आजाराचे निदान मतदाराने करावयास हरकत नाही.

पाचवी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, ही की मत नेमक्या कोणत्या प्रश्नावर दिले होते? विधेयकाचे नाव एक असते आणि सभागृहापुढील प्रश्न पुष्कळदा दुसराच असतो. विधेयक प्रवर समितीकडे पाठवावे, असे मत देणारा त्या विधेयकाचा शत्रू असतोच असे नाही. त्याला ते अधिक तपासून हवे असेल. त्यातील एखाद्या कलमाला सुचविलेली दुरुस्ती फेटाळली गेली म्हणून अखेरीस विरुद्ध मत देणारा मूळ हेतूच्या विरुद्ध असेल असेही नाही. शिक्षणाच्या किंवा आरोग्याच्या मागणीत ‘शंभर रुपयांची कपात करावी’ अशी सूचना कोणी मांडली म्हणजे त्याला शाळा आणि दवाखाने बंद करावयाचे आहेत, असे पत्रक काढणे सोपे आहे. वस्तुतः ती कपात नाममात्र असते. सरकारकडून एखाद्या तक्रारीचे उत्तर मिळविण्याची ती सभागृहाची जुनी रीत आहे. धोरणालाच विरोध असेल तर ‘मागणी एक रुपयावर आणावी’ अशी सूचना मांडतात. हा फरक न सांगता केवळ ‘विरुद्ध मत दिले’ एवढेच छापणारा माणूस खोटे बोलत नाही, पण मतदाराला फसवितो.

याची दुसरी बाजूही आहे. ज्या प्रश्नावर जवळजवळ सर्वांचे एकमत होते, तेथे ‘मी अनुकूल मत दिले’ या अभिमानाला फारसा अर्थ उरत नाही. महिलांना लोकसभेत व विधानसभांत एक-तृतीयांश जागा राखून ठेवणारे विधेयक सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाले. त्या ४५४ मधून आपला प्रतिनिधी निराळा कसा ओळखावा? असे विधेयक पहिल्यांदा १९९६ मध्ये आले होते. २०१० मध्ये ते राज्यसभेने संमत केले, पण लोकसभेत ते मतदानाला आलेच नाही. मधल्या काळात आपला प्रतिनिधी काय बोलला, आणि जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावरच हे आरक्षण अमलात यावे, या २०२३ च्या विधेयकातील अटीबद्दल त्याचे काय म्हणणे होते, यांची उत्तरे त्या अंतिम मतापेक्षा अधिक सांगून जातील.

सहावी गोष्ट परिणामाची. मताने काही घडते काय, हे पाहावे. बेळगावकडील वाचकांना याचा अनुभव आहे. २२ डिसेंबर २०२२ रोजी कर्नाटकाच्या विधानसभेने सीमाप्रश्नावर एकमताने ठराव केला. पाच दिवसांनी, २७ डिसेंबरला, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याच प्रश्नावर ८६५ गावांसाठी नेमका उलट आशयाचा ठराव एकमतानेच केला. दोन्हीकडे एकही मत विरुद्ध नाही. अशा ठरावांनी लोकभावना व्यक्त होते, हे खरे. ते निरर्थक म्हणू नयेत. परंतु राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावाही दाखल केला आहे. मग ठरावाच्या बाजूने हात वर केला, याचे श्रेय घेणाऱ्या प्रतिनिधीला पुढचा प्रश्न विचारावा: दाव्याचे कामकाज पुढे जावे म्हणून आपण काय केले? सीमाभागातील मुलांच्या मराठी शाळांसाठी पैशाची तरतूद मागितली काय, आणि त्या मागणीवर मत देण्याची वेळ आली तेव्हा आपण कोठे होता? ज्या मताला काही किंमत मोजावी लागत नाही, ते मत देणे कोणालाही परवडते.

पैशाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. अंदाजपत्रकातील खात्यांच्या मागण्यांवरील मते लोकांच्या दैनंदिन जीवनाशी सर्वांत निगडित असतात, आणि त्यांच्याकडेच आपले सर्वांत कमी लक्ष जाते. चर्चेची मुदत संपली की उरलेल्या सर्व मागण्या एकदम मतास टाकून संमत करण्यात येतात. या रीतीला ‘गिलोटिन’ म्हणतात. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षांच्या मार्च महिन्यात लोकसभेने सर्वच खात्यांच्या मागण्या चर्चेवाचून अशा संमत केल्या. लाखो कोटी रुपयांच्या खर्चाला संमती देणारे ते मत कोणत्याही पत्रकात छापून येत नाही.

काही मते मात्र आपल्याला कधीच कळणार नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि तेथे पक्षादेशही लागू होत नाही. १९६९ साली सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचे आवाहन झाले आणि वराहगिरी व्यंकटगिरी निवडून आले. कोणी काय केले, याच्या कथा पुष्कळ सांगितल्या गेल्या. नोंद एकाचीही नाही. अशा मताचे श्रेय कोणी मागू लागला तर ते देऊ नये, आणि दोष कोणी लावू लागला तर तोही ऐकू नये.

आता या सर्वांचा मेळ घालू. दारात पडलेल्या पत्रकात एखाद्या मताचा उल्लेख असेल तर पाहावे की, त्याची नावानिशी नोंद आहे काय. ते पक्षादेशाखाली दिले की स्वतःच्या निर्णयाने. अंतिम प्रश्नावर दिले की मधल्या एखाद्या सूचनेवर. त्याने काही घडले किंवा अडले काय. आणि त्या प्रतिनिधीने निवडणुकीच्या वेळी दिलेल्या शब्दाशी ते जुळते की नाही. या चाळणीतून जी थोडी मते खाली राहतील, तीच लक्षात ठेवावीत. ती पाच-सात असली तरी पुष्कळ झाले. त्यांतील एकाच मतावरून माणसाची पारख करू नये. ती एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत, आणि मत देताना त्याने जी कारणे सांगितली तीही वाचावीत. सभागृहाचे कार्यवृत्त ही काही गुप्त वस्तू नव्हे. ते प्रसिद्ध होते, आणि लोकसभेच्या कार्यवृत्तात मतविभागणीच्या याद्या नावांसह दिलेल्या असतात.

आणि हे सारे दिल्लीपुरतेच नाही. आपल्या नळाला पाणी किती वाजता यावे, गल्लीतील शाळेची इमारत कोणाला द्यावी, बाजारपेठेतील गाळ्यांचे भाडे किती असावे, हे नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत ठरते. तेथील सभेला आपला सदस्य हजर होता काय आणि त्याने हात कोणत्या बाजूने वर केला, हे कळून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. तेथून आरंभ केला तर चाळणी हाती धरण्याची सवय लागेल. आपण कोणती मते लक्षात ठेवतो, हे प्रतिनिधींच्याही लक्षात येत असते. आपण केवळ गाजलेली मते मोजली तर ते गाजावाजाची मते देतील. आपण कामाची मते मोजू लागलो, तर कामाच्या वेळी ते आपल्या जागेवर सापडतील.